व्हिएन्नाची तालीम, मुक्काम वडगाव

आमच्या वसंतअण्णांनी स्वतःच्या हर्नियाच्या ऑपरेशनची तालीम घेतली होती.

चेष्टा नव्हे. ऑपरेशनच्या आदल्या रविवारी त्यांनी घराच्या पुढल्या सोप्यात कॉट ओढली, स्वतः तिच्यावर आडवे झाले, आमच्या ह्यांना डॉक्टर केलं, मला नर्स केलं आणि शेजारच्या शिवक्काला बाहेर बाकड्यावर बसून रडायचं काम दिलं. शिवक्का बिचारी मनानं हळवी. ती खरोखरच हुंदके द्यायला लागली. कॉटवरनं अण्णा ओरडले, "शिवक्का, येवढ्यात न्हाय! अजून मला आत घेतलं न्हाय!" खऱ्या ऑपरेशनच्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, भीती वाटते का?" तर हे म्हणाले, "छे हो, आमचं रविवारीच झालंय एकदा." डॉक्टरांनी फाईल परत उघडून बघितली म्हणे.

अण्णा बेळगावच्या वडगावातले, म्हणजे विणकरांच्या वस्तीतले, आणि माझ्या दुर्दैवानं आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारे. घराच्या मागल्या अंगाला यंत्रमाग, पुढल्या अंगाला अण्णा. माग आता एकच चालतो, पण त्याची खडखड एवढी की आमच्या गल्लीत कुणी हळू बोलत नाही. हळू बोलला तर काहीतरी लपवतोय असं समजतात. तरुणपणी अण्णा गल्लीच्या गणपतीत नाटकं बसवायचे. पुढं नाटकं बंद पडली. नट कुणी पुण्याला गेले, कुणी देवाघरी गेले. तालीम घेण्याची खोड मात्र काही गेली नाही. "तालमीशिवाय पडदा वर जायचा न्हाय," हे त्यांचं वाक्य आमच्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ आहे.

कुणाच्या घरी दुःखाला भेटायला जायचं असलं तरी आधी आमच्या कट्ट्यावर तालीम. दारातनं आधी कोण शिरायचं, चहाला "नको" कोण म्हणायचं, आणि दुसऱ्यांदा आग्रह झाल्यावर "बरं, अर्धा द्या" कोण म्हणायचं, सगळं ठरलेलं. माझ्या भाच्याला मुलगी बघायला जायचं होतं, तेव्हा मुलीचं काम माझ्या गळ्यात पडलं. पन्नाशी उलटलेली मी, हायस्कुलात पोरांना दम देणारी, हातात पोह्यांचा ट्रे घेऊन मान खाली घालून आले. तर अण्णा म्हणाले, "मास्तरीणबाई, मान खाली म्हंजे चप्पल हुडकाय लागल्यागत न्हाय!" मी ट्रे तिथंच आपटला. पण खोटं कशाला बोलू, मुलीकडं गेल्यावर आमचा भाचा एका जागी अडखळला नाही.

तर होळी नुकतीच झाली होती. मी वाटीत मटकीची उसळ घेऊन अण्णांकडं गेले, तेव्हा ते फोनवर होते. फोन स्पीकरवर होता म्हणून मी ऐकलं. मुद्दाम नव्हे. पलीकडं स्मिता, त्यांची एकुलती एक लेक, पुण्याला असते. ती, जावई अजय, सहावीतली ओवी आणि तिसरीतला अर्णव दर मे महिन्यात वडगावला येतात. शांताक्का, म्हणजे अण्णांची बायको, गेल्यापासून अण्णांचं वर्ष म्हणजे तेवढाच मे महिना. बाकीचे महिने ते नुसते ढकलतात.

"अण्णा," स्मिता म्हणत होती, "ह्या मे महिन्यात बेळगावला यायला काही जमत नाही बघा. मुलांना युरोप दाखवायचं म्हणतोय. एकच शहर, चार-पाच दिवस. पण आमच्या दोघांची रजा त्यातच संपणार."

अण्णांनी माझ्या हातातनं उसळीची वाटी घेतली. मागाची खडखड तेवढी चालू. मग म्हणाले, "जावा की. झ्याक हाय. पोरांस्नी दुनिया दिसू दे." आणि फोन ठेवून उसळीवर ताटली झाकली. उसळ म्हणजे त्यांचा जीव की प्राण. म्हटलं, आता हा माणूस अंथरूण धरणार.

कसलं अंथरूण! दुसऱ्या दिवशी मी शाळेला निघाले तर दारात हजर. "मास्तरीणबाई, पॅरिसात नदी गावाच्या कुठल्या अंगाला हाय?"

तिथनं आमच्या गल्लीचं डोकं जे फिरलं ते अजून जाग्यावर आलेलं नाही. अण्णांनी पॅरिस बसवायला घेतलं. किल्ल्याचा खंदक म्हणजे नदी आणि पलीकडचा मोबाईलचा टॉवर म्हणजे तो जगप्रसिद्ध मनोरा. एवढं ठरेपर्यंत स्मिताचा फोन आला की पॅरिस रद्द. ओवीच्या वर्गातली मुलगी तिथं जाऊन आली होती आणि ओवीला "सगळे जातात तिथं" जायचं नव्हतं. मग आमस्टरडॅम. अण्णांनी चार सायकली गोळा केल्या. तेही रद्द, कारण त्या देशाच्या व्हिसाला तारीख मिळेना. शेवटी व्हिएन्ना ठरलं, कारण तिथली तारीख मिळाली. आमच्याकडं तारीख मिळाली नाही तर लोक मंगल कार्यालय बदलतात. तारखेसाठी देश बदलतात हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्यात जावईबापूंना स्वस्तातलं विमान सापडलं. ते उतरणार प्रागला, तिथनं रेल्वेनं व्हिएन्ना, आणि परत येताना तिसऱ्याच देशातनं. अण्णांनी डोकं धरलं. "म्हंजे हे निपाणीत उतरायचं, बेळगावात झोपायचं आणि कोल्हापुरातनं घराकडं जायचं, असंच झालं की! आणि मधी कुणी अडवत न्हाय?"

"नाही हो अण्णा," मी म्हणाले, "तिथं एकाच व्हिसावर सगळीकडं फिरता येतं."

"आणि बसच्या पाटीवर कुठल्या भाषेत लिवायचं म्हणून भांडत न्हाईत?"

"ते मला काय ठाऊक!"

शिवक्का रोज दारातनं विचारायची, "एल्ली होंटारी, अण्णा?" कुठं निघालेत आता, म्हणून. अण्णा रोज वेगळं गाव सांगायचे. शेवटी तिनं गल्लीभर करून टाकलं की स्मिताची बदली झालीय आणि कुठं झालीय ते तिच्या साहेबालाच माहीत नाही. भाजीवाला मला हळहळून म्हणाला, "लई वाईट झालं बघा बाई, पोरगीला असं फिरवायला नको होतं."

मला मात्र वेगळंच कोडं पडलेलं. ह्या माणसाचा मे महिना ह्या युरोपनं गिळला, आणि हाच माणूस युरोपसाठी नाचतोय? मला काही कळेना. चिडावं का कीव करावी, तेही कळेना.

मग एका संध्याकाळी त्यांनी फोनवर हुकूम सोडला. "समद्यांनी तालमीला या."

"अण्णा, रजा नाही हो आम्हाला."

"मग जाऊ नका. बारकी पोरं घिऊन परमुलखात जायचं आणि तालीम न्हाय? पडदा वर जायचा न्हाय."

"अहो, व्हिएन्नाची तालीम बेळगावात कशी होणार?"

"माझ्या ऑपरेशनची सोप्यात झाली का न्हाय?"

स्मितानं मला फोन केला, "काकू, तुम्ही तरी समजवा." मी समजवायला गेले आणि इमिग्रेशन ऑफिसर होऊन परत आले.

एप्रिलात शनिवार-रविवारला जोडून सुट्टी आली, तेव्हा ती चौघं आली. अण्णांनी सकाळपासनं दाढी करून वाट बघितली, पण गाडी आल्यावर पोरांना जवळसुद्धा घेतलं नाही. "तुम्ही अजून विमानात हाय," म्हणाले आणि चौघांना गाडीतच बसवून ठेवलं. मी अंगणात टेबल टाकून बसले. ओवी, अर्णव, स्मिता पार झाले. अजय समोर येऊन उभा राहिला, तसे अण्णा आतनं खुर्ची घेऊन पळत आले.

"जावईबापूंना उभं ठेवू नका!"

"अण्णा, तिथं काय खुर्ची देणार आहेत का?" मी म्हणाले.

"तितलं तितं. माझ्या अंगणात जावई उभा ऱ्हायला तर गल्ली काय म्हणंल?"

अजय बसला. त्याला पाणी आलं, खव्याचा कुंदा आला, टॉवेल-टोपी आली. युरोपात शिरताना एवढा मान कुणाला मिळाला नसेल. मी पासपोर्ट बघून दरडावून विचारलं, "इकडं येण्याचं कारण?" तर तो गरीब माणूस म्हणाला, "सासऱ्यांनी बोलावलं म्हणून."

मग भाषेचा घोळ. तिथं आपली भाषा कुणाला येत नाही, तर पोरांना न कळणारी भाषा बोलणारं माणूस पाहिजे, असं अण्णांचं म्हणणं. आता वडगावात न कळणारी भाषा आणायची कुठनं? कन्नड पोरांना आजोळची म्हणून कळते. हिंदी-इंग्रजी शाळेत. आमचे हे हौसेनं कोंकणी बोलले, तर ओवीनं फाडफाड मराठीत उत्तर दिलं. शेवटी मी लष्कराच्या कॅम्पातल्या एका मल्याळी हवालदाराच्या बायकोला गाठलं. तिचा मुलगा माझ्या वर्गात. ती रविवारी कॅम्पातल्या चर्चपाशी तिकीट तपासनीस व्हायला आनंदानं तयार झाली.

रविवारी आम्ही सगळे बसनं कॅम्पात निघालो. एप्रिलचं ऊन, आणि अंगात स्वेटर. व्हिएन्नात थंडी असणार म्हणून अण्णांनी ट्रंकेतनं सगळ्यांना काढून दिलेले. स्वतः वर कानटोपी. कंडक्टरनं आम्हाला तिकिटं दिली आणि अजयला बाजूला घेऊन विचारलं, "पेशंट कोण आहे?" नाश्ता म्हणून बेकरीतला कोरडा पाव. अर्णव विचारत होता, "आई, आपण आत्ता बेळगावात आहोत का व्हिएन्नात?" स्मिता म्हणाली, "आजोबांना विचार." आजोबा म्हणाले, "चर्च आलं की व्हिएन्ना. तवर बेळगाव."

चर्चपाशी हवालदारीणबाई मल्याळममध्ये कडाडली. झालं काय, अर्णवच्या बाकावर शाळेत एक मल्याळी मुलगा बसतो. त्यामुळं अर्णवनं थंडपणे "अरियिल्ला" म्हणून सांगितलं, म्हणजे ठाऊक नाही. ती बाई खूश होऊन त्याचे गालच ओढायला लागली. अण्णा वैतागले. "एक माणूस ठरवल्यागत वागंल तर शपथ!"

आणि मग शेवटचा प्रवेश आला. पोरगं हरवलं तर काय करायचं, त्याचा. अण्णांचा खरा जीव ह्यात अडकलेला होता. दोन्ही पोरांना समोर उभं करून त्यांनी सांगितलं, "हरवलं की हलायचं न्हाय. रडायचं न्हाय. आपल्या माणसानं तुम्हाला शेवटचं जितं बघितलं, तितंच थांबायचं. माणूस परत तितंच येतंय. कळलं?"

आता अण्णांची नाटक बसवायची एक रीत आहे. ज्याचं काम त्यालाच सांगायचं, दुसऱ्याचं सांगायचं नाही. नाहीतर नट आधीच तोंडावर आश्चर्य आणतो, म्हणतात. त्यांनी एकेकाला बाजूला घेऊन कानात काय काय सांगितलं. मला बेकरीपाशी गाठून सांगितलं की ओवी हरवणार, तुम्ही तिला बघून न बघितल्यासारखं करा. अजयला वाटत होतं अर्णव हरवणार. ओवीला पोलीस केलेलं. स्मिताला सांगितलं नुसतं घाबरायचं. आणि आपला फोन काढून तिच्या पर्समध्ये टाकला.

अर्धा तास कोण कुणाला शोधत होतं देव जाणे. मी ओवीला टाळत फिरत होते, ओवी मला पकडायला माझ्या मागं. अजय अर्णवच्या नावानं हाका मारत पुढं गेला, अर्णव रस्त्याच्या पलीकडनं ओरडतोय, "बाबा, मी इथंच आहे, तुम्ही परत या!" शेवटी घामानं निथळत सगळे चर्चच्या फाटकापाशी जमलो. स्वेटर काढून हातात घेतले. हसून हसून पोट दुखायला लागलं.

आणि मग स्मिता म्हणाली, "अण्णा कुठायत?"

अण्णा नव्हते. फोन लावला तर तो तिच्याच पर्समध्ये वाजला. अजय बसस्टॉपपर्यंत पळत गेला. मी बेकरीत विचारलं. कानटोपीवाले आजोबा दिसले का म्हणून आल्यागेल्याला विचारलं, तर लोक मलाच वरनं खालपर्यंत बघायला लागले. ऊन उतरायला आलं. स्मिताला आता नुसतं घाबरायचं काम करावं लागत नव्हतं. "काकू, सकाळची शुगरची गोळी घेतली का हो त्यांनी? कोरड्या पावावर हिंडतायत दिवसभर. मी तरी कशाला ह्या वेडेपणाला हो म्हणाले!"

तेव्हा अर्णव म्हणाला, "आजोबांना शेवटचं कुणी बघितलं?"

मी म्हणाले बेकरीपाशी. अजय म्हणाला फाटकापाशी. स्मिताला काही आठवेना.

"मी बघितलं," अर्णव म्हणाला. "चर्चच्या शाळेच्या भिंतीपाशी, बर्फाच्या गोळ्याच्या गाडीजवळ. ते मला म्हणाले, जा, हरव जा."

आम्ही तिकडं धावलो. गोळ्याची गाडी निघून गेली होती. भिंतीला टेकून अण्णा उभे होते. स्वेटर, कानटोपी, हातात पिशवी, आणि तोंड घामानं डबडबलेलं. आम्ही येतोय त्या बाजूलाच डोळे लावलेले.

स्मिता त्यांच्यावर कधी ओरडत नाही, पण त्या दिवशी ओरडली. "अण्णा! हरवायचं अर्णवनं होतं! तुम्ही का थांबलात इथं?"

अण्णा ओशाळल्यासारखे हसले. "म्हटलं, जाता जाता माझीबी घ्यावी तालीम."

"तुमची कसली?"

"तुम्ही न्हाय आल्यावर कसं ऱ्हायचं, त्याची." त्यांनी कानटोपी काढली आणि उगीच झटकली. "मे महिना कवा एकट्यानं काढला न्हाय गं मी. तुझी आई होती तवाबी तुम्ही यायचा, ती गेल्यावरबी आला. ह्या बारीला पडदा वर जाणार, आणि माझं कायच पाठ न्हाय."

मला एकदम लखकन कळलं. हा माणूस ज्या ज्या गोष्टीला घाबरला, तिची त्यानं तालीम घेतली. ऑपरेशनची घेतली, परक्याच्या दुःखात पाऊल टाकायची घेतली. आणि इतके दिवस आम्ही हसत होतो. स्मितानं तोंडावर ओढणी धरली. अजय नुसता चपलेनं खडे सारत राहिला.

अर्णवला ह्यातलं काही कळलं की नाही कोण जाणे. त्यानं सरळ विचारलं, "मग जमलं का, आजोबा?"

"न्हाय रं बाळा," अण्णा म्हणाले. "तुम्ही कुठनं येताय तेच बघत बसलो."

एवढं बोलून त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं. सगळ्या गल्लीला रडायचं कसं ते शिकवणारा माणूस, पण स्वतः रडताना कुठं बघायचं ते त्याला सुधरेना. अर्णवनं त्यांचा स्वेटर ओढला. मग म्हणाला, "पण आजोबा, तुमची जागा चुकली. इथं कशाला थांबायचं? उद्या आम्ही पुण्याला जाणार, तेव्हा तुम्ही घराच्या दारात असणार ना? म्हणजे आम्ही तुम्हाला शेवटचं तिथं बघणार. तुम्ही तिथं थांबा. आम्ही तिथंच येऊ."

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. मग त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि चालायला लागले. बसमध्ये ओवी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची गाडी निघाली. स्मिता वाकून पाया पडली तेव्हा तिला उठवेना. गणपतीत येतो म्हणाली, रजा मिळो न मिळो. अर्णवनं काचेतनं बोट दाखवून बजावलं, आणि गाडी गल्लीच्या तोंडाला वळली. आम्ही आत गेलो. मी चहा टाकला. बघते तर अण्णा अजून आपल्या दारात, उंबऱ्याला टेकून उभेच.

"अण्णा, या की आत, चहा झालाय," मी हाक मारली.

"कपबशी हितंच आणा, मास्तरीणबाई," ते म्हणाले, रस्त्यावरची नजर न काढता. "मला हितनं हलायचं न्हाय म्हणून सांगून गेलंय पोरगं."